खोडवा दरवर्षी चाळिसाव्या दिवशी पिवळा पडतो? युरियाचं पोतं फोडण्याआधी हे बघा

कर्नाटकातल्या निपाणीहून सदलग्याकडे जाताना आमचं तीन एकर रान लागतं. काळी माती, दूधगंगेचं पाणी आणि वर्षानुवर्षं ऊस. तक्रारही वर्षानुवर्षं एकच. लावण बरी येते, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणारा खोडवा मात्र तोडणीनंतर पाच-सहा आठवड्यांत पिवळा पडायला लागतो. युरिया टाकला की पंधरा दिवस हिरवागार, मग परत पिवळा. मग दुसरं पोतं. चिकोडी, रायबाग, कागवाडकडच्या पाहुण्यांकडे लग्नाकार्याला गेलो तरी जेवणं झाल्यावर बोलणं इथंच येतं, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलंय.

मी या पिवळेपणामागे चार हंगाम घालवले. सुरुवातीला बियाण्यावर संशय घेतला, मग पाण्यावर, मग खताच्या दुकानावर. शेवटी कळलं ते असं की रानात नत्र (नायट्रोजन) असतं, पण ते फिरताना कुठंतरी अडकून बसलेलं असतं. पाचटातून, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यातून मातीत, मातीतून जिवाणूंत, जिवाणूंतून मुळांत आणि मुळांतून पानांत असा त्याचा फेरा असतो. हा फेरा कुठं अडलाय हे ओळखल्याशिवाय वरून कितीही ओतलं तरी पंधरा दिवसांचीच हिरवाई मिळते.

आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा

बांधावरून बघून काही कळत नाही. सरीत उतरा, उसाचं एक बेट (एका बुडातून फुटलेला झुपका) हातात धरा आणि कोंभाचं सगळ्यात खालचं पान व सगळ्यात वरचं कोवळं पान शेजारी-शेजारी धरून बघा.

खालची, जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत आली असतील आणि कोवळं पान त्यातल्या त्यात हिरवं असेल, तर नत्र कमी पडतंय. ऊस जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतो, म्हणून आधी म्हातारी पानं झिजतात.

याच्या उलट कोवळं पान पिवळं-पांढरं आणि त्यातल्या शिरा हिरव्या, असे उभे पट्टे दिसले तर तो केवडा. तिथं लोह कमी पडतंय. आमच्या काळ्या मातीत लोह पुष्कळ असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे समजा. अशा रानात युरिया टाकून केवडा जात नाही. 100 लिटर पाण्यात अर्धा किलो फेरस सल्फेट घेऊन फवारलं की पानं हिरवी होतात, पण तो तात्पुरता उतारा. एकरी दहा किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून, आठवडाभर मुरवून मुळांजवळ दिलं तर ते जास्त टिकतं. शेणखत कुजताना जे सेंद्रिय पदार्थ तयार होतात ते लोहाला धरून ठेवतात आणि चुन्याच्या तावडीत लवकर सापडू देत नाहीत. नुसती फेरस सल्फेटची भुकटी या मातीत टाकली तर थोड्या दिवसांत ती बिनकामाची होते.

आणखी दोन गोष्टी लगेच तपासून घ्या. बेट हाताने ओढल्यावर सहज उपटून आलं तर खाली मुळं खाणारी हुमणी अळी आहे, तिचा बंदोबस्त वेगळा. एखाद-दुसऱ्या बेटातच बारीक, पांढरट, गवतासारखे ढीगभर फुटवे असतील तर ती गवताळ वाढ. तो रोग आहे, ते बेट खणून काढून जाळा आणि त्या रानातलं बेणं वापरू नका.

यापुढचं जे लिहितोय ते खालची पानं पिवळी असणाऱ्यांसाठी आहे. आमच्या भागात तेच जास्त आढळतं.

पाचट ठेवलं आणि खोडवा आणखीच पिवळा झाला

हा अनुभव आला आणि मी या विषयात शिरलो. आमच्याकडे तोड संपली की संध्याकाळी पाचट पेटवायचं, अशीच रीत होती. पाचट जाळू नका, असं ऐकून-वाचून मी एका वर्षी एक एकरात काडी लावली नाही. सगळं पाचट सरीत पसरलं, रोटर मारून मातीत घातलं, पाणी दिलं आणि खताचा पहिला डोस वरून विस्कटला. उरलेले दोन एकर आबांनी नेहमीसारखे पेटवले.

फेब्रुवारीच्या शेवटी बघतो तर पेटवलेले दोन एकर हिरवे आणि माझा एकर लिंबासारखा पिवळा. आबा बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "पेटीवलं असतंस तर ही पाळी आली नसती." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. हिशेब बघा. एक टन पाचटात साधारण 400 किलो कर्ब (कार्बन) असतो आणि नत्र जेमतेम चार ते पाच किलो. म्हणजे ऐंशी ते शंभर भाग कर्बामागे एक भाग नत्र. हे पाचट खाणारे जिवाणू आणि बुरश्या यांचं स्वतःचं शरीर मात्र नत्राने भरलेलं असतं. जिवाणूच्या अंगात आठ-दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. खाल्लेल्या कर्बातला दोन-तृतीयांशाच्या आसपास श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, उरलेल्यातून त्यांचं शरीर बनतं. म्हणजे चोवीस-पंचवीसास एक, अशा प्रमाणाचं खाणं मिळालं तर त्यांचं घरातल्या घरात भागतं. पाचट म्हणजे त्यांच्या पुढ्यात नुसत्या भाकऱ्यांची चळत, कोरड्यास (कालवण) नाही. मग ते कोरड्यास कुठून आणतात? शेजारच्या ताटातून. मातीत जे काही मोकळं अमोनियम आणि नायट्रेट असेल ते उचलतात. मी टाकलेला डोसही त्यांनीच उचलला. उसाची नवी मुळं अजून फुटत होती आणि हे तर चिमूटभर मातीत कोट्यवधींच्या संख्येने बसलेले. त्या ओढाताणीत ऊस हरणारच.

पण त्यांनी उचललेलं नत्र रानाबाहेर जात नाही, त्यांच्या अंगात साठून राहतं. पाचटातला सोपा कर्ब संपत आला की त्यांची उपासमार सुरू होते आणि ते मरायला लागतात. शिवाय मातीत प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव आणि बारीक सूत्रकृमी असतात, ते जिवाणूंना खाऊन जगतात. त्यांना एवढं नत्र पचत नाही, जास्तीचं ते अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात आणि ते मुळांना मिळतं. सगळे सूत्रकृमी पिकाचे वैरी असतात असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. जिवाणू खाणारे सूत्रकृमी नसते तर हा साठा उघडायला कितीतरी जास्त वेळ लागला असता.

माझा तो पिवळा एकर मे महिन्यात, मी काही न टाकता, हिरवा झाला. वळवाचा एक पाऊस पडून गेला होता. जून-जुलैत पेटवलेले दोन एकर थांबल्यासारखे झाले आणि माझा एकर कांड्या धरायला लागला. पण फुटवे फुटायचे ते दिवस उपाशी गेले होते, ऊस विरळ राहिला आणि एकरी उतारा काही वाढला नाही. हे मुद्दाम सांगतोय. पाचट ठेवलं की सोनंच होतं असं सांगणारे पुष्कळ आहेत. नुसतं ठेवून होत नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांची नत्राची उसनवारी आधी भागवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या फडाला ही उसनवारी जास्त दिवस चालते, कारण थंडीत जिवाणूंचं काम मंद चालतं.

मग पेटवलेला खोडवा हिरवा का दिसतो?

आबांचं निरीक्षण खोटं नव्हतं. पाचट जळालं की जिवाणूंपुढच्या भाकऱ्या नाहीशा होतात, म्हणून नत्राची ओढाताण होत नाही. राखेतून पालाश (पोटॅश) लगेच मिळतो. काळी राख ऊन शोषते, जमीन तापते, कोंभ लवकर निघतात.

पण त्याची किंमत काय? एकरी साडेतीन-चार टन पाचट निघतं. त्यातलं पंधरा-अठरा किलो नत्र धुरातून जातं, सोबत गंधकही बरंचसं जातं. एका 45 किलोच्या पोत्यात सुमारे 21 किलो नत्र असतं, म्हणजे पाऊण पोत्याच्या आसपास युरिया आपण दर तोडणीला आभाळात सोडतो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश राखेत राहतात, तेही वाऱ्याने उडाले नाहीत तर. दीड टनाच्या आसपास कर्ब जातो तो वेगळाच. वरच्या थरातले जीव होरपळतात, गांडुळं खोल जातात. दहा वर्षं असं केल्यावर ढेकूळ हातोड्याने फोडावं लागतं आणि मग आपण माती कडक झाली म्हणून मोठा ट्रॅक्टर शोधतो.

दुसऱ्या वर्षापासून काय बदललं

पाचट मातीत गाडायचं बंद केलं. गाडलं की ते मुळांच्या थरात जातं आणि ओढाताण नेमकी तिथंच होते. आता कुट्टी यंत्राने बारीक करून एक सरी सोडून एक सरी असं ठेवतो, मोकळ्या सरीतून पाणी देतो. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटतो, म्हणजे कोंभ मातीखालच्या डोळ्यांतून निघतो आणि त्याला स्वतःची मुळं लवकर फुटतात.

पाचटाला त्याचं कोरड्यास वेगळं देतो. दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू, असं प्रमाण आहे. एकराला तीस किलोच्या आसपास युरिया, चाळीस किलो सुपर आणि चार किलो जिवाणू होतात. युरिया आणि सुपर आदल्या दिवशी कालवून ठेवू नका, पाणी सुटतं. आधी ती दोन्ही खतं पाचटावर पसरा, मग जिवाणू ओलसर शेणखतात मिसळून वरून टाका आणि लगेच पाणी द्या. जिवाणूंची भुकटी युरियाच्या पोत्यात मिसळून फेकणारे मी पाहिलेत, तसं करू नका. पाणी दिल्यावर पाचटावरून चालून ते मातीला टेकवा. अधांतरी राहिलेलं पाचट कुजत नाही, नुसतं वाळतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पहारीने. उसाचा डोस मी आता वरून विस्कटत नाही. बेटापासून चार ते सहा बोटांवर वीतभर खोल पहार मारायची, भोकात खत सोडायचं, पायाने माती दाबायची, पुढची पहार फुटभर अंतरावर. पहिला डोस तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साडेचार महिन्यांच्या सुमारास. मजूर जास्त लागतात हे खरं. पण त्यामागचं कारण कळल्यावर मला ती मजुरी महाग वाटत नाही. वर पडलेल्या युरियावर मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) काम करतं आणि दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत त्यातलं पुष्कळ अमोनिया होऊन उडून जातं. युरिया टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रानात नाकाला झोंबतं ते हेच. जे उडत नाही ते पाचटावरचे जीव उचलतात. वीतभर खाली दिलेलं खत उडतही नाही आणि पाचटापर्यंत पोचतही नाही, ते मुळांच्याच वाट्याला येतं.

विकतच्या जिवाणूंबद्दल एक अनुभव. एका वर्षी दुकानाच्या दारात उन्हात लावून ठेवलेल्या पुड्यांमधल्या चार पुड्या मी आणल्या. मुदत बघितली होती, ऊन बघितलं नव्हतं. त्या सरीतलं पाचट मे महिन्यात सुद्धा कडकडीत होतं. जिवाणू सावलीतलेच घ्या, आणि घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. जीवामृताबद्दलही विचारलं जातं. आम्ही करतो. त्यातून पिकाला खत मिळतं असं मी मानत नाही, दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेणाचं असं नत्र असणार तरी किती. ते विरजण आहे. दूध असेल तर विरजणाचा उपयोग. रानात पाचट, शेणखत, पालापाचोळा काहीच नसेल आणि वाफसाही (माती ओलसर पण हवेशीर) नसेल, तर विरजण रिकाम्या भांड्यात पडतं.

बनियनची परीक्षा

माती जिवंत आहे का, हे घरच्या घरी बघता येतं आणि खर्च काही नाही. जुनं, पण शंभर टक्के सुती बनियन घ्या. त्याचे तीन तुकडे करा. एक नेहमी पेटवलेल्या रानात, एक पाचट ठेवलेल्या सरीत आणि एक बांधावर झाडाखाली, असे चार-सहा बोटं खोल पुरा. जागेला काठी रोवून खूण करा. साठ दिवसांनी अलगद उकरून काढा. माती ओली राहील अशा दिवसांत करा, कोरड्या मातीत कुठलाच तुकडा कुजणार नाही आणि तुम्ही उगीच निराश व्हाल.

सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते पचवणाऱ्या बुरश्या आणि जिवाणू जितके जास्त, तितकं कापड लवकर संपतं. माझ्याकडे पेटवलेल्या रानातला तुकडा मळका झाला होता पण धुऊन परत वापरता आला असता. पाचटाच्या सरीतल्या तुकड्याची जाळी झाली होती, बोट लावताच फाटला. आणि बांधावरच्या चिंचेखाली फक्त शिवणीचा दोरा मिळाला. दोरा पॉलिस्टरचा, म्हणून तेवढाच उरला. आबांनी तो दोरा हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला. त्या चिंचेला जन्मात कुणी खत घातलेलं नाही. तिचाच पाला तिच्याच बुडात पडतो, कुजतो आणि पुन्हा वर चढतो.

तिथली माती मुठीत घेऊन वास घ्या. पहिल्या पावसाला येतो तोच वास असतो. ॲक्टिनोमायसीट नावाच्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिन या पदार्थाचा तो वास आहे.

पाणी साचणाऱ्या रानात वेगळंच घडतं

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या खालच्या पट्टीत नऊ दिवस पाणी होतं. ओसरल्यावर सरीत पाय घातला की कुजलेल्या अंड्यासारखा वास यायचा. त्या पट्टीत नंतर कितीही युरिया टाकला तरी ऊस हलला नाही, कारण अडचण दुसरीच होती.

मातीत पाणी भरलं की हवा जाते. हवेशिवाय जगू शकणारे काही जिवाणू मग श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन आभाळात जातं. त्याला विनत्रीकरण म्हणतात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो, हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट जोरकस आहे. नायट्रेट संपलं की लोहाची आणि मग गंधकाची पाळी येते. अंड्याचा वास येतो तो गंधकापर्यंत पोचल्यावर. म्हणजे वास आला तेव्हा नायट्रेट केव्हाच संपलेलं असतं.

अशा रानात आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, मग नत्र थोडं-थोडं दोन-तीनदा द्या. साचलेल्या पाण्यात युरिया टाकणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. पुरानंतर काही रानांत स्फुरद असूनही पिकाला मिळत नाही. मुळांना चिकटून दूरवरचं स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी जास्त दिवस पाण्याखाली किंवा पिकाविना पडीक राहिलेल्या मातीत कमी होते. तिथं नुसती खताची मात्रा वाढवण्यापेक्षा मध्ये एक ताग किंवा मक्याचं पीक घेतलेलं बरं, मुळं आली की बुरशी परत येते. कृष्णाकाठच्या चोपण, पांढऱ्या थराच्या रानांचा प्रश्न मात्र मिठाचा आहे. तिथं निचरा झाल्याशिवाय यातलं काहीच लागू पडत नाही.

बेळगावच्या बाजूला भाताच्या शिवारात हीच अडचण दुसऱ्या रूपात दिसते. येळ्ळूरला माझी आत्या असते. तिच्याकडे भातात पाणी तुंबलेलं असताना वरून युरिया फेकायची पद्धत होती. भाताच्या चिखलात वरचा पातळ थर हवेशीर असतो, तिथं अमोनियमचं नायट्रेट होतं. ते खाली झिरपलं की हवा नसलेल्या थरात वायू होऊन उडतं. पाणी उतरवून, चिखलात खत देऊन, मग पुन्हा पाणी भरायला लागल्यापासून तिच्याकडे एक डोस कमी लागतो.

भातामागून तिकडे मसूर, हरभरा, वाटाणा करतात. त्याचं नत्र रानाला मिळतं असं सगळेच म्हणतात, पण मिळतंय का हे बघणारे थोडे. फुलोऱ्यात एक झाड खुरप्याने मातीसकट काढा, हाताने उपटलं तर गाठी मातीतच राहतात. पाण्यात धुऊन मुळावरची एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी, मांसासारखा रंग दिसला तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. आपल्या रक्तात ज्या जातीचं द्रव्य असतं त्याच जातीचं ते आहे, म्हणून तो रंग. आत हिरवट किंवा राखाडी असेल तर गाठ नुसती शोभेला. या गाठींतले जिवाणू 1888 साली हॉलंडच्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण ते फोडून पिकाच्या उपयोगी आणायचं काम मुख्यतः असे जिवाणू करतात, किंवा मग प्रचंड दाब आणि उष्णता लावून कारखाने करतात. आणि एक लक्षात ठेवा. मसूर मुळासकट उपटून खळ्यावर नेली, भुसाही विकला, तर त्या नत्रातलं रानात फारसं काही उरत नाही. भुसा गुरांना आणि शेण रानाला, एवढं तरी झालं पाहिजे.

पूर्वी आमच्याकडे तंबाखूच्या रानात मेंढरं बसवायचे. दिवसभर माळावर चरलेली मेंढरं रात्री आमच्या रानात मुतायची आणि लेंड्या टाकायची, धनगराला धान्य द्यायचं. माळावरचं नत्र पायाने चालत रानात यायचं. मेंढराच्या मुतातही युरियाच असतो, फक्त सोबत लेंडीचा कर्ब असतो. अजूनही कळप येतात. जमेल त्याने बसवावेत.

मातीची पत्रिका कन्नडमध्ये आली तर

कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात माती देऊन तपासून घ्या. पत्रिका बहुतेक कन्नडमध्ये हाती येते आणि आपल्यातले बरेच जण ती घडी घालून ठेवून देतात. हे शब्द ध्यानात ठेवा. सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, कब्बिण म्हणजे लोह, सतु म्हणजे जस्त, रससार म्हणजे सामू (pH), गंधक तर गंधकच. आणि सगळ्यात आधी बघायची ओळ म्हणजे सावयव इंगाल, म्हणजेच सेंद्रिय कर्ब.

अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर कमी, अर्धा ते पाऊण मध्यम, पाऊण टक्क्यावर चांगला. पत्रिकेत जिवाणू मोजलेले नसतात. त्यांच्या जवळ जाणारी एवढी एकच ओळ त्यात असते, कारण कर्ब हेच त्यांचं खाणं.

अर्धा टक्का म्हणजे किती? एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो भरतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे साडेचार हजार किलो कर्ब. मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात दहा-अकरा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, म्हणजे एकरात चारशे किलोच्या वर नत्र निजलेलं आहे. वर्षाला त्यातलं दोन-तीन टक्के जिवाणू सोडवून देतात असं धरलं तरी आठ-बारा किलो होतं. कर्ब एक टक्क्यावर नेला की हे दुप्पट होतं. आमचा सहा वर्षांत अर्ध्यावरून पाऊण टक्क्यापर्यंत आला. त्यापेक्षा झटपट वाढवून देतो म्हणणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका.

माती देताना पेटवलेलं रान आणि पाचटाचं रान यांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, आणि खत दिलेल्या पहारीच्या भोकाजवळची माती घेऊ नका, आकडे फसवे येतात.

इतकं करूनही पिवळंच राहिलं तर

तोडणीची तारीख, पाचटाचं काय केलं, पहिला डोस कधी आणि कसा दिला, पाणी किती दिवसांनी फिरतं, एवढं एका कागदावर लिहा. खालचं आणि वरचं अशी दोन पानं सोबत घेऊन मग विचारायला जा. नुसतं "पिवळा पडलाय" म्हटलं की समोरचा युरियाच सांगणार.

आणि जाण्याआधी सरीतलं पाचट एका ठिकाणी हाताने उचलून बघा. तोडणीला दीड महिना झाला असेल आणि पाणी वेळेवर मिळालं असेल तर खालचा थर ओलसर, तपकिरी झालेला दिसेल आणि त्याच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू मातीत उतरलेले असतील. ते दिसले तर पहारीचा डोस नीट दिलाय ना याची खात्री करा आणि अजून पंधरा दिवस थांबा. ते नसतील आणि पाचट हातात कुरकुरत असेल, तर त्या सरीला आधी पाणी द्या.